ॲप राहू द्या, सोने मोडू नका

पत्राचा सारांश (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत): तालुक्याच्या गावातील पतसंस्थेत नोकरी करणाऱ्या ३६ वर्षांच्या एका भगिनीचे हे पत्र आहे. पती विजेच्या सामानाच्या वितरकाकडे वसुलीचे काम पाहतात. टाळेबंदीत मोबाइलवर रमी सुरू झाली, पुढे क्रिकेटच्या टीम लावणे आले, आणि २०२५च्या ऑगस्टमध्ये पैशांचे खेळ बंद झाल्यावर टेलिग्रामवरून मिळालेल्या ‘आयडी’वर (सट्टा घेणाऱ्याने दिलेल्या लॉगिनवर) सट्टा. जानेवारीत सगळे उघड झाले. कर्ज देणारी ॲप, बँकेचे वैयक्तिक कर्ज आणि मित्रांकडून हातउसने मिळून सुमारे नऊ लाखांचे देणे आहे. पतींनी चौथीतल्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली आणि जुगार सोडवण्यास मदत करणारे एक उपचार-ॲप मोबाइलमध्ये घेतले. डॉक्टरांकडे जायला मात्र ते तयार नाहीत. “मी काही वेडा नाही,” असे म्हणतात. त्यांची मागणी अशी, की पत्नीने दागिने मोडून देणे एकदम फेडावे, म्हणजे खेळण्याचे कारणच उरणार नाही. सासूबाईंचेही तेच मत आहे. “रात्री अकराला ते मोबाइल घेऊन बसतात, तेव्हा ॲप चालू आहे की आयडी, हे मला कळत नाही. हा खरा उपचार आहे का? सोने द्यावे का? मी त्यांचा मोबाइल तपासावा का?” असे त्या विचारतात.

नमस्कार ताई,

तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आधी देते आणि मग कारणांकडे वळते. ॲप हा उपचाराचा खरा भाग असू शकतो, पण तो एवढ्यावर पुरा होत नाही. सोने आत्ता देऊ नका. मोबाइल चोरून तपासू नका. त्याऐवजी पैशाचा व्यवहार दोघांच्या डोळ्यांसमोर येईल अशी व्यवस्था करा.

तुमच्या घरात सध्या एक समज सर्वांनी धरून ठेवलेला दिसतो, तो असा, की कर्जामुळे खेळणे चालू आहे आणि कर्ज फिटले की खेळणे थांबेल. तुमचे पती हे मनापासून म्हणत असतील. त्यांनी तुम्हाला फसवण्यासाठी रचलेली ही सबब आहे असे मी समजत नाही. पण क्रम उलटा आहे. जुगाराच्या विकारात गेलेले पैसे परत मिळवण्यासाठी पुन्हा डाव लावणे हे एक ठळक लक्षण असते, आणि त्यातूनच देणे वाढत जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात याची स्वतंत्र नोंद आहे, आणि अमेरिकेच्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये त्याला दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांच्या पंगतीत बसवले. त्यांच्या यादीत नऊ लक्षणे आहेत आणि वर्षभरात चार दिसली तर निदान होऊ शकते. दिवसेंदिवस मोठी रक्कम लावावीशी वाटणे, थांबण्याचे प्रयत्न फसणे, घरच्यांशी खोटे बोलणे ही त्यांतली काही. आणखी एक लक्षण तुम्ही मुद्दाम लक्षात ठेवावे: जुगारामुळे आलेल्या आर्थिक अडचणीतून सुटण्यासाठी इतरांच्या पैशांवर विसंबणे. म्हणजे तुमच्याकडे होत असलेली सोन्याची मागणी आजाराच्या बाहेरची नाही, ती आजाराच्या यादीतच आहे. निदान मी पत्रावरून करू शकत नाही, ते डॉक्टरांनी करावे. पण ही यादी तुम्ही दोघांनी एकत्र बसून वाचावी असे मला वाटते.

एकदम कर्ज फेडण्याचा दुसरा तोटा तुम्हाला कोणी सांगायला नको, कारण तुमचे आयुष्य पतसंस्थेत चालले आहे. जुने खाते बंद झाले की त्या माणसाची पत सुधारते आणि महिनाभरात ‘आपल्यासाठी कर्ज मंजूर’ असे संदेश त्याच मोबाइलवर येऊ लागतात. आज तुमच्या पतींना नवे कर्ज मिळत नसेल तर तो एक बांध आहे. सोने मोडून तुम्ही तोच फोडाल. सोनेतारणाची प्रकरणे तुम्ही रोज काउंटरवर पाहता. मूल्यांकनकार दागिना कसोटीवर घासतो, तोलतो, चिठ्ठीवर वजन लिहितो, पिशवीला सील लागते, आणि सहीसाठी कागद पुढे केल्यावर काही बायकांचा पेन धरलेला हात क्षणभर तसाच राहतो. त्या दागिन्यांवर त्यांचा जसा हक्क असतो तसाच तुमचा तुमच्या स्त्रीधनावर आहे. ते न देणे म्हणजे नवऱ्याला साथ न देणे, हा सासूबाईंचा हिशेब मला मान्य नाही. त्यांच्याशी वाद मात्र घालू नका. “डॉक्टरांनी सांगितले तर देईन,” एवढे म्हणा आणि विषय तिथे ठेवा.

आता ॲपविषयी. तुमच्या पत्रात त्याच्याबद्दल थोडा तिटकारा आहे आणि तो समजण्यासारखा आहे, कारण ज्या यंत्राने घर पोखरले त्याच यंत्रातून औषध येणार, यावर कोणाचाही चटकन विश्वास बसणार नाही. तरीही बरे बनवलेले ॲप काय करते ते पाहा. जुगाराच्या विकारासाठी ज्या समुपदेशनाचा सर्वांत जास्त अभ्यास झाला आहे ती विचार आणि वर्तन यांवर काम करणारी पद्धत आहे, आणि बहुतेक ॲप तिच्यावरच बेतलेली असतात. ऊर्मी कधी आली, त्याआधी काय घडले, हातात किती पैसे होते, कोणाशी भांडण झाले होते का, याची नोंद ते रोज करायला लावते. एका पानासाठी डाव हुकला की “आता लागणारच होता” असे जे वाटते, त्यात तथ्य नसते. पुढच्या वाटपाला मागच्या डावाची आठवण नसते. स्वतःच्या क्रिकेटच्या ज्ञानावरचा विश्वास आणि सामन्याचा निकाल यांचा संबंध खेळणाऱ्याला वाटतो त्यापेक्षा फार कमी असतो. या गोष्टी माणसाला एरवीही ठाऊक असतात, पण ऊर्मीच्या क्षणी आठवत नाहीत, आणि त्या क्षणी आठवून देणे हेच ॲपचे काम. ऊर्मी लाटेसारखी चढते आणि तिच्यामागे धावले नाही तर ओसरते; तेवढा वेळ काढून देणारा एखादा श्वासाचा व्यायाम, चार प्रश्न किंवा स्वतःच लिहून ठेवलेली कारणे रात्री अकरा वाजता उपयोगी पडतात. त्या वेळी कोणता समुपदेशक जागा असणार?

आणखी एक गोष्ट ॲपच्या बाजूने. जो माणूस डॉक्टरांच्या दारात पाय ठेवायला लाजतो तो अनेकदा पडद्यावर जास्त खरे लिहितो. “मी वेडा नाही” म्हणणाऱ्या तुमच्या पतींनी ॲप घेतले, म्हणजे आपल्याला काहीतरी झाले आहे हे त्यांनी निम्मे कबूल केले आहे. “हे कसले मोबाइलवरचे औषध,” असे म्हणून ती अर्धी कबुली परत पाठवू नका.

मर्यादाही तितक्याच खऱ्या आहेत. ॲपला तेवढेच कळते जेवढे त्याला सांगितले जाते, आणि लपवणे हा तर या आजाराचा स्वभाव. ‘न खेळलेले दिवस’ मोजणारा आकडा पडद्यावर दिसतो तेव्हा सुरुवातीला हुरूप येतो. पण मध्येच एखाद्या रात्री पाय घसरला तर तो आकडा शून्यावर जाऊ नये म्हणून ॲपशीही खोटे बोलले जाते, आणि मग उपचार नुसता देखावा होऊन बसतो. अशी ॲप मध्येच सोडून देणाऱ्यांची संख्याही मोठी असते. सोबत समुपदेशक असला, अगदी आठवड्यातून एकदा फोनवर बोलणारा असला, तरी टिकण्याची शक्यता वाढते. म्हणून ॲप की डॉक्टर, असा वाद घरात घालण्यात अर्थ नाही.

परदेशात बनलेल्या ॲपांची आपल्याकडे एक वेगळीच अडचण होते, जिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. ब्रिटनमध्ये जुगाराचा व्यवसाय परवान्याने चालतो, त्यामुळे तिथे ‘गॅमस्टॉप’ या व्यवस्थेत एकदा नाव नोंदवले की सर्व परवानाधारक संकेतस्थळे त्या माणसाला दार बंद करतात. तिकडची ॲप हाच सल्ला पहिल्या पानावर देतात. आपल्याकडे पैशांच्या ऑनलाइन खेळांवर २०२५च्या कायद्याने बंदीच आली; नामवंत कंपन्यांनी आपले खेळ बंद केले, आणि जे उरले ते टेलिग्राम आणि व्हॉट्सॲपवरून आयडी वाटणारे. ते तुमच्या पतींचे नाव कोणत्या यादीतून वगळणार? उलट चार दिवस खेळला नाही की “बोनस टाकलाय, या” असा निरोप पाठवतात. म्हणून आपल्याकडे दार आपल्याच बाजूने लावावे लागते. ‘बेटब्लॉकर’ हे ब्रिटनमधील एका धर्मादाय संस्थेचे मोफत साधन जुगाराची हजारो संकेतस्थळे मोबाइलवर उघडू देत नाही, आणि ठरवलेली मुदत संपेपर्यंत ते हटवणे अवघड असते. रोज नव्या नावाने उगवणारी आयडीची संकेतस्थळे त्यातून निसटू शकतात, हे धरून चला. म्हणून सोबत टेलिग्रामचे खाते काढून टाकणे आणि मोबाइल क्रमांक बदलणे हेही करावे. वसुलीच्या कामामुळे दुकानदारांकडे जुना क्रमांक असेल तर तो साध्या, इंटरनेट नसलेल्या फोनमध्ये घालता येईल.

पतींनी घेतलेले ॲप नेमके कोणते ते तुम्ही लिहिलेले नाही, आणि माझ्या उत्तराला त्याची गरजही नाही. ते दोघांनी मिळून तपासा, आणि हे पत्र वाचणाऱ्या इतरांनीही तपासावे. ते कोणी बनवले, त्यात मानसोपचारतज्ज्ञ किंवा विद्यापीठ आहे का, ते कोणत्या पद्धतीवर चालते, हे त्याच्या माहितीत स्पष्ट असले पाहिजे. जुगारासाठी खास बनवलेले आहे की चिंता-नैराश्यासाठीचे सर्वसाधारण ॲप आहे, ते पाहा. दुसऱ्या प्रकाराने झोप सुधारेल, पण डाव लावण्याची ओढ त्याला कळणार नाही. मोफत ॲपमध्ये जाहिराती येत असतील आणि त्यांत पत्त्यांचे खेळ दिसत असतील तर ते त्याच दिवशी काढून टाका. माहितीच्या गोपनीयतेचा प्रश्नही किरकोळ नाही. ऑनलाइन समुपदेशन देणाऱ्या ‘बेटरहेल्प’ या कंपनीने ग्राहकांची मानसिक आरोग्याविषयीची माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना दिल्याबद्दल अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२३ मध्ये तिला ७८ लाख डॉलर भरायला लावले. कर्ज आणि जुगार यांची नोंद ठेवणाऱ्या ॲपला संपर्क यादी, फोटो किंवा एसएमएस पाहण्याची परवानगी लागण्याचे काही कारण नाही. आणि शेवटी, जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार आल्यास कोणाला फोन करायचा हे त्यात भारतातील क्रमांकासह दिलेले आहे का, तेही पाहा.

हा मुद्दा निघालाच आहे तर थेट बोलते. जुगाराच्या कर्जात सापडलेल्या माणसांमध्ये आत्महत्येचा धोका बराच जास्त असतो, विशेषतः सगळे उघड झाल्यानंतरच्या आठवड्यांत. “तुमच्या मनात जीव देण्याचे विचार येतात का?” असे स्पष्ट शब्दांत विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. विचारणाऱ्यामुळे बोलायला वाट मिळते. उत्तर हो असेल, किंवा ते गप्प राहिले आणि तुमचे मन शंकित झाले, तर त्यांना एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. ही केंद्र सरकारची सेवा २०२२च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली.

डॉक्टरांच्या बाबतीत ‘मनोरुग्ण’ या शिक्क्याखेरीज आणखी एक भीती त्यांना असू शकते: खेळल्याचे सांगितले तर पोलीस येतील. २०२५च्या केंद्रीय कायद्यात शिक्षा आहे ती खेळवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि पैशांची ने-आण करून देणाऱ्याला, खेळणाऱ्याला नाही. शिवाय मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो आणि तिथला खर्च खासगीपेक्षा पुष्कळ कमी. या विकारासाठी खास मंजूर झालेले असे औषध नाही, तरी काही रुग्णांमध्ये ओढ कमी करणारी औषधे डॉक्टर वापरतात, आणि सोबत नैराश्य असेल किंवा दारू असेल तर त्यांवर उपचार केल्याशिवाय जुगार सुटणे कठीण जाते. ॲप हे ओळखू शकत नाही. पतींना “डॉक्टरांकडे चला” म्हणण्यापेक्षा “ॲपमध्ये जे लिहिले आहे ते एकदा जाणकाराला दाखवून विचारू, आपण बरोबर चाललो आहोत का” असे म्हटले तर ते ऐकतील, अशी मला आशा आहे. तेही नको म्हणाले तर तुम्ही स्वतः १४४१६ला फोन करा. घरच्यांनीही फोन करायचा असतो, आणि तुम्हालाही कोणाशी तरी बोलण्याची गरज पत्राच्या ओळीओळीत दिसते.

पैशाच्या व्यवस्थेकडे आता सविस्तर जाऊ, कारण इथे तुमच्या हातात सर्वांत जास्त आहे. पहिली गोष्ट, पूर्ण यादी. बँक, ॲप, हातउसने, किराणा दुकानातली उधारी, सगळे एका वहीत. कर्जांची नोंद ठेवणाऱ्या (सिबिलसारख्या) प्रत्येक पतमापन कंपनीकडून वर्षातून एक अहवाल मोफत मिळतो. तो पतींनी स्वतःच्या लॉगिनने, तुमच्यासमोर काढावा. यादीत नऊ लाखांच्या जागी अकरा निघाले तर संतापू नका; पहिल्या कबुलीत आकडा पुरा येत नाही, हे जवळजवळ ठरलेलेच असते. दुसरी गोष्ट, पगार. तो ज्या खात्यात जमा होतो तिथून घरखर्च आणि हप्ते तुमच्या खात्यावर आपोआप वळते व्हावेत, त्यांच्या यूपीआयची दिवसाची मर्यादा अगदी कमी करावी आणि क्रेडिट कार्ड बंद करावे. हे त्यांच्या संमतीने आणि मुदत ठरवून करावे, समजा सहा महिने, म्हणजे ती शिक्षा वाटणार नाही. तिसरी गोष्ट विचारायला अवघड आहे, पण विचाराच: वसुलीची रक्कम. मालकाचे पैसे रोज हातातून जातात तिथे “उद्या भरून टाकू” म्हणून हात घालणे सोपे असते आणि त्यानंतर प्रकरण फौजदारी होते. काही उचलले असेल तर सर्वांत आधी ते देणे, आणि शक्य असेल तर काही महिन्यांसाठी रोख वसुलीऐवजी दुसरे काम मागून घेणे. चौथी गोष्ट तुमच्यापुरती: कोणत्याही नव्या कर्जाला जामीनदार राहू नका, आणि “जिंकलेले पैसे तुझ्या खात्यावर घेतो” याला कधीही हो म्हणू नका. अशा व्यवहारांतले पैसे अनेकदा फसवणुकीचे असतात, आणि सायबर पोलीस ते ज्या खात्यात आले ते खाते गोठवतात. पतसंस्थेतल्या माणसाला ते परवडणारे नाही.

कर्ज देणाऱ्या ॲपांच्या वसुलीवाल्यांना घाबरून सोन्याकडे हात जाऊ नये म्हणून एवढे माहीत असू द्या, की रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाहीत, आणि ॲपला तुमच्या संपर्क यादीत किंवा फोटोंत शिरता येत नाही. कोणी नातेवाइकांना फोन करून बदनामी करत असेल तर ते ॲप बहुधा नोंदणीबाहेरचे असते. सायबर गुन्ह्यांच्या १९३० या मदत क्रमांकावर आणि पोलिसांकडे तक्रार करा. आयडीवाल्याची ‘बाकी’ मात्र वेगळ्या रकान्यात लिहा. भारतीय करार कायदा, १८७२च्या कलम ३० नुसार पैजेचा करार रद्दबातल असतो आणि त्याची वसुली न्यायालयातून होत नाही. बँक आणि हातउसने यांच्या आधी त्याला देऊ नका, धमक्या आल्या तर त्या जपून ठेवा.

मोबाइल तपासण्याचा प्रश्न आता तसा सुटतो. तुम्ही रात्री ते झोपल्यावर मोबाइल उघडत राहिलात तर तुम्हाला पोलिसाची नोकरी मिळेल आणि त्यांना लपवण्याचा सराव. त्यापेक्षा रविवारी सकाळी अर्धा तास दोघांनी सर्व खात्यांचे उतारे पाहावेत आणि रात्री दहानंतर दोन्ही मोबाइल (तुमचाही) बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लागावेत. ॲपचा धडा संध्याकाळी, दिवाणखान्यात बसून करावा. रात्री ऊर्मी आलीच तर ॲपचा तो भाग बाहेरच्या खोलीत उघडता येईल. त्यांनी आत काय लिहिले ते वाचायला मागू नका. ती त्यांची जागा आहे. “आज कसे गेले?” एवढे विचारा. आयपीएलचे दिवस विशेष जपा. संध्याकाळचे सामने साडेसातला सुरू होतात, तेव्हा सात ते अकरा हा वेळ कसा घालवायचा ते आधीच ठरलेले असावे आणि मित्रांबरोबर सामना पाहणे या वर्षी तरी टाळावे. मध्ये एखादे वेळी ते खेळले, तर चोवीस तासांच्या आत त्यांनी तुम्हाला आणि ॲपला सांगायचे, आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांची भेट घ्यायची, हे आज ठरवून ठेवा. लपवले असेल तरच तो मोठा प्रश्न, खेळले एवढाच असेल तर उपचारात फेरबदल करण्याची ती वेळ, असा फरक दोघांनीही मनात पक्का करावा.

मुलीला विसरू नका. चौथीतल्या मुलीला शपथेचा अर्थ कळतो, आणि बाबांनी पुन्हा खेळले तर आपल्याला काहीतरी होईल, असे तिच्या मनात बसलेले असू शकते. त्यांनीच तिला जवळ घेऊन सांगावे, की ती शपथ चुकीची होती, तिला काही होणार नाही, बाबांना एक आजार आहे आणि ते त्यावर उपचार घेत आहेत. कर्जाचा आकडा तिला सांगण्याची गरज नाही.

राहिले सोने. बँकेशी बोलून हप्ते लांबवून मिळतात का ते पाहा, जास्त व्याजाची ॲपची कर्जे आधी संपवा, आणि सहा महिने खात्यांचे उतारे स्वच्छ राहिले, डॉक्टर आणि समुपदेशकही बरे चालले आहे असे म्हणाले, तर एखाद्या कर्जाला हातभार लावावा का याचा विचार तुम्ही तेव्हा करू शकता. तेव्हाही पैसे पतींच्या हाती किंवा खात्यावर देऊ नका. कर्ज देणाऱ्या संस्थेच्या नावे धनादेश काढा, खाते बंद झाल्याचा दाखला घ्या आणि तो तुमच्या फाइलला लावा.